कोंडो काढू नको

मालवण,
११ जानेवारी १९६६

जानकी,

तुझं पार्सल बोटीवरून उतरलं. होडीवाल्या बाबलीने पडावातून आणून ओट्यावर टाकलं आणि "बाईनू, मुंबयसून साबण इलो" असं सांगून निघून गेला. सोडून बघते तर चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या काळ्याकुट्ट वड्या. एक तुकडा जिभेवर ठेवला. कडू! चॉकलेट म्हणजे गोड असतं अशी माझी इतकी वर्षं समजूत. बेळगावच्या कॉन्व्हेंटात नाताळला सिस्टर एकेक वाटायच्या, त्याची चव मला अजून आठवते. ही त्या चॉकलेटची सावत्र बहीण दिसते.

वर तुझी चिठ्ठी. "बाई, याची ब्राउनी करून पाठवा, कृती सोबत आहे." का, कशाला, कोणासाठी, एक अक्षर नाही. मुंबईत बेकऱ्या बंद पडल्या? शाळेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्यांना वाटतं, बाईंना आता उद्योग काय! तुला शिकवताना मी कधी "का" लिहिल्याशिवाय गुण दिले होते का?

तरी केली. मैदा आणायला गेले, तर मैदा औषधालाही नाही. रेशनवर मिळतो तो लालसर गहू. तोच दळून आणला आणि चाळला. चॉकलेट नि लोणी गरम पाण्यावर वितळवलं, अंडी फेटली, साखर होती तेवढी घातली. मोठ्या टोपात वाळू, वाळूत पातेलं, खाली निखारे, झाकणावर करवंटीचे निखारे. केक मी असाच करते आणि तो फसत नाही. काडी खुपसून बघितली तर आत ओलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा ओलं. काडी कोरडी येईपर्यंत हटले नाही. शेवटी जे निघालं त्याने विहिरीचा कठडा बांधता येईल. जांभा दगडसुद्धा इतका प्रामाणिकपणे कडक नसतो.

आईची खबर विचारली आहेस. तुझी आई आपल्या दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडे सुखरूप आहे. तू आणि डॉमिंगोने मुंबईत रजिस्टर लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी तिने अंगणात उभं राहून सांगितलं, "माका चेडू नाय." मुलगीच नाही म्हणे! त्याला तीन वर्षं झाली. डॉमिंगो माझ्या बहिणीचा मुलगा, तू माझी विद्यार्थिनी, म्हणजे कट माझाच! तेव्हापासून रुक्मिणी माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर माझ्या कोंबडीला सांगते. काल म्हणाली, "काय गो कोंबडे, नाताळ कवाच झालो. आता तुझी बाई कोणासाठी शिजयता?" कोंबडीला तरी कुठे ठाऊक! मलाही नाही.

कोणासाठी शिजवते, ते मला तरी कळव.

तुझी,
सेवरीनाबाई


माझगाव, मुंबई,
१९ जानेवारी १९६६

बाई,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून हसले आणि मग रडले. अलीकडे दोन्ही एकदमच होतं.

"का" लिहिलं नाही, कारण लिहायचा धीर झाला नाही. बाई, मला दिवस गेले आहेत. डॉमिंगो ऑक्टोबरात बोटीवरून घरी होता. तो आता जहाजावर बेकरचा मदतनीस झाला आहे, हे मी तुम्हाला लिहिलंच होतं. अमेरिकेच्या बंदरात शिकलेली ही ब्राउनी त्याने जहाजाच्या भटारखान्यात करून पत्र्याच्या डब्यातून आणली होती. तो परत गेला, आणि मला त्याच एका गोष्टीचे डोहाळे लागले. भात बघवत नाही. मासळीचा वास आला की खोलीबाहेर पळते, मालवणची मुलगी असून! शेजारच्या बाई चिंचा देतात, कैरी देतात. मला काही नको. काळं, कडू, आतून ओलं, तेवढंच हवं. डॉमिंगोने ठेवलेलं चॉकलेट घरात होतं, पण माझ्याकडे एक रॉकेलचा स्टो. इराण्याकडे विचारलं, तो म्हणाला असलं काही आम्ही करत नाही, मावा केक घ्या.

बाई, ती कच्ची राहत नाही. ती तशीच असते. कडा घट्ट झाल्या की मधे ओलं असतानाच उतरवायची. डॉमिंगो म्हणतो, झाली असं वाटायच्या आधी ती झालेली असते. तुम्ही काडी खुपसू नका.

एक विनंती. आईला सांगू नका. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जायचं असतं, हे तिला कोणी शिकवायला नको. तिला कळलं आणि तरी तिने बोलावलं नाही, तर ते मला सोसायचं नाही. कळलंच नाही म्हणून बोलावलं नाही, हे बरं.

डॉमिंगो सप्टेंबरात येईल. तारीख जुलैची आहे.

आपली,
जानकी


मालवण,
१ फेब्रुवारी १९६६

वेडे पोरी,

चौथा महिना लागला आणि मला आत्ता सांगतेस? पार्सलात चॉकलेटऐवजी ही बातमी आली असती तर मी त्या वड्यांना सावत्र म्हटलं नसतं. सकाळच्या मिस्साला गेले होते. तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. दोन लावल्या. आणि हो, आता "बाई" पुरे. नात्याने मी तुझी मावससासू. पण मावशी म्हण. सासू म्हटलंस तर उत्तर देणार नाही.

आता नीट ऐक, आणि माझ्यावर ओरडू नकोस. मी कोणाला काही सांगितलं नाही.

गिरणीवर गुरुदास गहू कधी दळतो, तर तांदूळ दळून झाल्यावर. त्यामुळे पीठ थोडं तांदळाचंही येतं. असो. ते पीठ घेऊन मी मागच्या पडवीत चाळायला बसले. गडग्यापलीकडे रुक्मिणी शेणी थापत होती. तिचे हात थांबले. मग कोंबडीला म्हणाली,

"काय गो, पार्सल मुंबयचा, अक्षर तिच्या हातचा. नाताळ नाय, सण नाय. कोणाचे डोहाळे पुरयता तुझी बाई?"

मी चाळतच राहिले. मी खोटं बोलत नाही, हे तिला माहीत आहे. खरं बोलायला तू बंदी घातलेली. तेव्हा मी चाळणी जरा जोरात आपटली. तेवढ्यावरून तिला कळलं. चाळीस वर्षांचा शेजार, ती माझ्या चाळणीचा आवाज ओळखते.

तिने शेणाचे हात धुतले. मला वाटलं, आता आत जाऊन दार लावेल. पण ती गडग्यापाशी आली आणि कोंबडीकडेच बघत म्हणाली, "सांग तिका, कोंडो काढू नको. पोटुशेक पांढरा पीठ घालतत काय? त्या पिठात काय ताकद आसा? कोंड्यासकट घाल म्हणावं."

मी कॉन्व्हेंटात केक शिकलेली बाई. पीठ तीनदा चाळायचं, हे मला छड्या खाऊन पाठ झालेलं. शेण थापणाऱ्या हातांनी मला बेकिंग शिकवावं! मी तणतणत चाळणी उचलली. आणि मग कोंडा पुन्हा पिठात ओतला. का, ते विचारू नकोस.

साखर निम्मीच उरली होती, म्हणून अर्धा माडाचा गूळ घातला. काडी खुपसली नाही. कडा सुटल्याबरोबर उतरवलं, आणि फार मोठं पाप केल्यासारखं वाटलं. पण थंड झाल्यावर कापली तर सुरीला काळा मऊ चिकटा. बाई गं! असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. कोंड्यामुळे दाताखाली जरा रवाळ लागतं, आणि त्याच्यामागून ते कडू-गोड पसरत येतं.

डबा बोटीने पाठवला आहे. भाऊच्या धक्क्यावरून घे. सगळा एकटीने खा, शेजारणींना वाटत बसू नकोस.

तुझी,
मावशी


माझगाव,
१४ फेब्रुवारी १९६६

मावशी,

डबा उघडला आणि धक्क्यावरच दोन तुकडे खाल्ले. हमाल बघत होते. बघू देत. महिन्यानंतर पहिल्यांदा पोटात काही टिकलं. डॉमिंगोच्या ब्राउनीहून ही चांगली झाली आहे, पण हे त्याला कळवायचं नाही. तो मैदा घालतो. ही खाऊन पोट भरल्यासारखं वाटतं.

पण तुम्ही चाळणी का आपटलीत? मला आता रोज वाटत राहतं, आज आईचं पत्र येईल. दुसऱ्याकडून लिहून घेईल, बाबलीकडून निरोप पाठवील. पोस्टमन येतो आणि खालच्या मजल्यावरूनच परत जातो. कळल्यालाही आता पंधरा दिवस होऊन गेले. म्हणजे मी म्हटलं होतं तसंच झालं ना? तिने पिठाला सल्ला दिला. मला काही नाही.

इथल्या इस्पितळात नाव घातलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, खा-प्या, एकटी राहू नका. मी म्हटलं बरं. एकटी नाही तर कोणाबरोबर राहणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

अजून एक डबा पाठवाल? लाज वाटते मागायला.

जानकी


मालवण,
८ मार्च १९६६

जानकी,

लाज वाटते म्हणे! रजिस्टर लग्न करताना वाटली नाही, मग आता कशाला?

दुसरा डबा मिळाला असेल, आता तिसरा पाठवते आहे. दोन्हींची हकीकत ऐक. आमचा लेंट सुरू झाला. ईस्टरपर्यंत मी गोड सोडलेलं असतं, हे तुला माहीत आहे. करायला हरकत नाही, पण चाखायचं कसं? गुळाचा खडा कधी कमी गोड, कधी जास्त. चाखल्याशिवाय मी कोणाला काही पाठवत नाही. म्हणून एक तुकडा केळीच्या पानावर घेतला, गडग्यावर ठेवला, आणि कोंबडीला मोठ्याने सांगितलं, "मला उपास आहे. कोणी चाखून सांगितलं तर बरं होईल." आणि आत गेले. खिडकीतून बघत होते, हे कबूल.

रुक्मिणी आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तुकडा उचलून वास घेतला. "शी, ह्या काय, डांबर?" म्हणाली. मग खाल्ला. मग पानाला लागलेलंही बोटाने पुसून खाल्लं. आणि कोंबडीला म्हणाली, "मीठ कमी आसा."

मीठ खरंच कमी होतं.

तेव्हापासून असं चाललं आहे. मी भाजते, ती चाखते, कोंबडी मधे. आणि एक दिवस सकाळी गडग्यावर एक डबा. आत पीठ. कोंड्यासकट, नुसत्या गव्हाचं, तांदळाचा कण नाही. गुरुदासच्या गिरणीवर तिचा विश्वास नाही. घरच्या जात्यावर दळते. पहाटे घरघर ऐकू येते. तिचं गुडघ्याचं दुखणं तुला ठाऊक आहे. डबा रिकामा करून परत गडग्यावर ठेवला.

आता कामाचं. तू मुंबईत एकटी बाळंत व्हायचं नाहीस. डॉमिंगोला आई नाही, तेव्हा तुझं सासर म्हणजे हे घर. मी तुला बोलावते आहे. पावसामुळे बोटी मेअखेर बंद होतात, त्याआधी ये. एस.टी.च्या हिसक्यांत मी तुला येऊ देणार नाही. इथे सुईण आहे, सरकारी दवाखाना आहे, मी आहे.

हे मी कोंबडीलाही सांगितलं. "जानकी बाळंतपणाला माझ्याकडे येणार." रुक्मिणीच्या हातातली कळशी खाली आली.

"पयला बाळंतपण सासराक?" कोंबडीची काय छाती होती उत्तर द्यायची! "गडग्यापलीकडे आवस जिती आसा आणि चेडू सासराक बाळंत होतला? लोक काय म्हणतले? आवस मेली म्हणतले!"

आई असल्याची आठवण आत्ता झाली! मीही कोंबडीला म्हटलं, "ज्यांना चेडूच नाही, त्यांनी कशाला काळजी करावी?"

हे बोलायला नको होतं. दार लागलं. चार दिवस झाले, जातं वाजलेलं नाही.

तरी तू ये.

मावशी


माझगाव,
२० मार्च १९६६

मावशी,

तुमचं बोलावणं वाचलं आणि वाटलं, आत्ताच ट्रंक भरावी. पण मी नाही येणार. रागावू नका.

तुमच्या पडवीतून आमचं न्हाणीघर दिसतं. आईचा खोकला ऐकू येतो. मी तिथे खाटेवर पडून राहायचं, तिने पलीकडे पाणी तापवायचं, ते माझ्यासाठी नाही. बाळ रडलं की ते तिला ऐकू जाणार, आणि तिने येऊ नये, आणि मी वाट बघावी. एवढं मला जमणार नाही. मुंबई लांब आहे, ते बरं आहे. तिने एकदा "ये" म्हटलं असतं, तर मी पोहत आले असते.

चॉकलेट संपलं. तुमच्याकडेही शेवटच्या दोन वड्या उरल्या असतील. इथे बाजारात फिरले, बाहेरचा माल येणं बंद आहे, म्हणतात. डॉमिंगोला पत्र पोहोचून तिकडून यायला बाळच येईल. तेव्हा आता पुरे. सवय करीन. पाय थोडे सुजतात, बाकी ठीक आहे.

आईला काही सांगू नका. या वेळी खरंच नका.

जानकी


मालवण,
५ एप्रिल १९६६

जानकी,

तुझं पत्र मी कोंबडीला वाचून दाखवलं. पडवीत, खुर्ची गडग्याजवळ ओढून, वर्गात धडा वाचावा तसं, सावकाश आणि स्वच्छ उच्चारात. "पोहत आले असते" हे वाक्य दोनदा वाचलं. तू सांगू नका म्हटलंस, मी सांगितलं नाही. वाचलं. पापनिवेदनाला गेल्यावर फादरांना विचारीन यातलं किती माझ्या खाती लागतं. पलीकडे शेणी थापायचा आवाज थांबला होता, तो वाचन संपलं तरी सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीकडे हाक नाही की चूल नाही. म्हैस दाव्याला ओरडते आहे. मी गडग्यावरून डोकावले, दाराला कडी. मासळीवाली शेवंती म्हणाली, "रुक्मिणीकाकी पयल्या एस्टीन गेली." कुठे? कुडाळपलीकडे ती आयुष्यात गेलेली नाही. मला वाटलं, मिठबावला भावाकडे गेली, आता तुझं बाळंतपण होईपर्यंत यायची नाही. मी म्हशीला पाणी पाजलं आणि दिवसभर तिला शिव्या दिल्या. रुक्मिणीला, म्हशीला नव्हे.

दिवेलागणीला मी विहिरीवर असताना आली. पायावर धूळ, पदर खांद्यावरून उतरलेला, काखेत पिशवी. थेट गडग्यापाशी आली. कोंबडी तिथेच होती. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"सेवरीना, निखारे कर."

तीन वर्षांनी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं. माझ्या हातातलं तांब्याचं भांडं विहिरीत पडलं. अजून काढायचं आहे.

पिशवीत कोकोचा डबा होता. जुना, पोर्तुगीज अक्षरांचा, गोव्यातून आलेला. बाई गोव्याच्या वेशीवरच्या बांद्याला गेली होती! माझ्या उकिरड्यावरून तुझ्या चॉकलेटचा चांदीचा कागद तिने उचलून ठेवला होता. तो घेऊन बांद्याच्या बाजारात दुकानोदुकानी "ह्याच्यातला काळा व्हया" म्हणून फिरली. शेवटी कोणा बाप्तिस्तच्या दुकानाकडे तिला पाठवलं. तो म्हणाला, तसल्या वड्या नाहीत, जुना कोको माळ्यावर असेल, पुढच्या आठवड्यात काढून ठेवतो. ही पायरीवर बसली. "मी बसलंय. तुमी काढा." गिऱ्हाइकं हिला ओलांडून आत जात होती. कंटाळून तो माळ्यावर चढला.

डबा देताना त्याने विचारलं, "आजी, कोणाक व्हयो?"

हे सगळं ती मला सांगत होती, मी निखारे फुंकत होते. इथे आल्यावर ती थांबली. मी विचारलं, "मग काय सांगितलंस?"

"काय सांगतलंय? माझ्या चेडवाक, म्हटलंय."

धूर डोळ्यात गेला. दोघींच्याही. करवंट्या ओल्या होत्या.

कोकोने ब्राउनी करायची तर लोणी जास्त लागतं. तिने घरातून लोण्याचा अख्खा गोळा आणला, पीठ आणलं. ढवळायला घेतलं तर एवढ्या जोरात, की मी म्हटलं, "अगं, आमसुलाचं सार नव्हे ते!" ती म्हणाली, "तू शिकवू नको. तुझी पयली कोंबडेनसुद्धा खाल्ल्यान नाय." खरं आहे ते.

डबा सोबत आहे. या वेळी मीठ बरोबर आहे.

मावशी


माझगाव,
१५ एप्रिल १९६६

मावशी,

पत्र तीनदा वाचलं. डबा मांडीवर घेऊन बसले, खाववेना. आई बांद्याला गेली? एकटी? गाडी बदलून? तिला तर तिकीट कुठे ठेवायचं तेही कळत नाही, मुठीत धरून बसते.

मग खाल्लं. रात्री बाळ पहिल्यांदा इतकं जोरात हललं, की मी उठून बसले.

पण मावशी, हे सगळं तुम्ही लिहिता. ती चेडवाक म्हणाली, ते बांद्याच्या दुकानदाराला. मला नाही. मी हट्टी आहे, तिचीच मुलगी आहे. इस्पितळातलं नाव अजून काढलेलं नाही.

जानकी


मालवण,
२५ एप्रिल १९६६

जानकी,

तुझं पत्र आज मी कोंबडीला वाचलं नाही. रुक्मिणी माझ्या ओट्यावर येऊन बसली होती, तिलाच वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "लिव. मी सांगतंय." खाली तिचं बोलणं तिच्याच शब्दांत आहे. मी सुधारणार होते, तिने माझा हात धरला. कंसातलं माझं.

जानक्ये,

मी तुझी आवस. माका लिवूक येणा नाय, म्हणान सेवरीना लिवता. ती काय घालीत तर तिचा तू मानू नको. (मी काही घालत नाहीये.)

पाय सुजतत तर उशी घेवन वर ठेव. मीठ कमी खा. त्या काळ्यात मीठ मीच घालूक सांगलंय, ता चलात. भात खावक येणा नाय तर पेज पी. तीय नको तर ह्याच खा, पण उपाशी रवा नको. माझा पीठ आसा त्यात, कोंड्यासकट. पोटाक लागतला.

तू माका सांगल्याशिवाय लगीन केलंस. सांगला असतंस तर मी नायच म्हटला असता. तरी सांगूक व्हया होता. मी तुझ्यासाठी लुगडी घेवन ठेवलेली. गावान माका सांगल्यान, मी विहिरीवर पाणी काढी होतंय. आवशीक असा विहिरीवर कळूचा काय? त्याचो राग. तुझ्या घोवाचो नाय. तो लहान होतो तेव्हा माझे आंबे चोरी, तेव्हासून माका तो ठावक आसा. (आंबे डॉमिंगो एकटा चोरत नव्हता. झाडावर तू असायचीस, खाली तो. हे मी आत्ताच तिला सांगितलं. ती बोटांवर आंबे मोजते आहे.)

(आता पुन्हा बोलते आहे.)

पयला बाळंतपण माझ्या घराक. सेवरीनाच्या नाय. (माझा निषेध मी इथे नोंदवते. पण तिची खोली उजेडाची आहे, आणि तिने कालच सारवली.) राती बाळ रडला तर मी उठतलंय. दिसाक सेवरीना बसात. तिका तरी दुसरा काम काय आसा! (हे वाक्य मी लिहिलं, ही माझी सहनशीलता.)

ती म्हणता बाळाक इगर्जीत न्हेतली. न्हेवंदे. पण आदी मी तेका तीट लावतलंय. (लाव म्हटलं. चर्चमधल्या फादरांचा चष्मा जुना आहे.)

बोटी बंद होवच्या आदी ये. बोट धक्क्याक लागणा नाय, पडावात उतरूचा पडता. तू अशी जड, शिडयेवरसून कशी उतरतलंस, ह्या माका जेवूक देणा नाय. म्हणान बाबलीक सांगलंय. पयल्या पडावातसून मी येतलंय. (जन्म किनाऱ्यावर गेला, पण ही बाई पडावात कधी बसलेली नाही. गुडघाभर पाण्यात गेली तरी डोळे मिटते. मी म्हटलं, मी जाते, तू वाळूवर थांब. तर माझ्यावरच ओरडली.) वर बोटीत तू, खाली मी. मी हात धरतलंय. घाबरा नको.

लोक इचारतत, नातवाचा तोंड बघूक इतकी घाई झाली काय गो? झाली, म्हणतंय मी तेंका. पण तसा नाय ता. नातू जुलयत दिसात. माका पयला तुझा तोंड बघूचा आसा.

तुझी,
आवस